पार्टीत खवीस घ्यायचा तर

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या पात्रं रंगवायच्या खेळात पाच जणांच्या टेबलावर, म्हणजे पार्टीत, एकाला तरी माणूस व्हायचं नसतं. एल्फ-ड्वार्फवर भागलं तर ठीक, पण कुणाला ट्रोल हवा असतो, कुणाला पंखवाला गार्गॉइल. त्यातून कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी कथा) ठाण्याच्या खाडीवर आणि येऊरच्या जंगलावर बेतलेलं असेल तर खवीस नाहीतर गिऱ्हा (पाण्यातलं भूत) ठरलेलाच. डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) यांना नाही म्हणायची गरज नाही. फक्त मॉन्स्टरचा स्टॅटब्लॉक (आकड्यांचा तक्ता) उचलून जसाच्या तसा खेळाडूच्या हातात द्यायचा नाही. तो तीन-चार फेऱ्यांत मरणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. खेळाडूचं पात्र लढाईमागून लढाई जगत राहतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला ट्रोल घ्या. त्याचं चॅलेंज रेटिंग ५, म्हणून तो पाचव्या लेव्हलच्या फायटरच्या (योद्धा पात्राच्या) तोडीचा असं वाटतं. प्रत्यक्षात ५ चा अर्थ असा की पाचव्या लेव्हलच्या चौघांनी मिळून, कुणी न मरता, त्याला पाडता यावं. ट्रोलचे एचपी (किती मार झेलतो तो आकडा) ८४. एक चावा आणि दोन पंजे, तिन्ही लागले तर सरासरी २९ डॅमेज. स्ट्रेंग्थ १८ आणि कॉन्स्टिट्यूशन १४ असलेला पाचव्या लेव्हलचा फायटर ग्रेटसोर्डने दोन वारांत सरासरी २२ काढतो, एचपी ४४. दोघांचाही हल्ल्याचा बोनस +७, त्यामुळे ही तुलना सरळ आहे. शिवाय ट्रोल दर टर्नला १० एचपी भरून काढतो, आग किंवा ॲसिड लागेपर्यंत.

तिसऱ्या आवृत्तीने यावर लेव्हलचा भुर्दंड लावून पाहिला होता. ट्रोलच्या ६ हिट डाइसवर (मूळ लेव्हल्सवर) आणखी ५, म्हणजे तो अकराव्या लेव्हलच्या पार्टीत बसायचा. तिथे फायटरचा बेस अटॅक (नेम साधण्याचा आकडा) +११ आणि याचा +४. स्टॅटब्लॉकमधली विल सेव्ह (मन ताब्यात ठेवण्याचा आकडा) +३, त्यामुळे मनावर घाला घालणारा एक स्पेल पडला की पठ्ठ्या शत्रूच्या बाजूने उभा. लढाई संपल्यावर मात्र क्लेरिककडे (जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याकडे) न जाता पुन्हा ठणठणीत. एकाच आकड्यात सगळी ताकद मोजली की असंच होतं: एका बाजूला लंगडा, दुसऱ्या बाजूला बेफाम.

त्यापेक्षा प्रत्येक गुण सुटा काढा आणि विचारा: हेच बाकीच्या पात्रांना कोणत्या लेव्हलला मिळतं, आणि किती वेळ?

उडणं: फ्लाय हा तिसऱ्या पातळीचा स्पेल, विझार्डला पाचव्या लेव्हलला मिळतो, तोही कॉन्सन्ट्रेशन लावून (लक्ष मोडलं की स्पेल संपतो). २०२४ च्या नियमांत ड्रॅगनबॉर्नला (ड्रॅगनवंशी पात्राला) पाचव्या लेव्हलला १० मिनिटं पंख मिळतात, लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदा. मग गार्गॉइलला पहिल्या लेव्हलला काय द्यायचं? उंचावरून पडताना तरंगत उतरणं आणि लांब उडी. पंख पाचव्या लेव्हलला. आधीच दिले तर खंदक, दरी, तटबंदी हे सगळे अडथळे एकट्यापुरते संपतात आणि बाकीचे चौघे दोर शोधत बसतात.

मोठा आकार: गोलायथही (दांडग्या वंशाचं पात्र) पाचव्या लेव्हललाच १० मिनिटांसाठी लार्ज होतो. तोवर खवीस मीडियमच (माणसाएवढाच) ठेवा, फक्त वजन दुप्पट उचलू द्या. कायम लार्ज ठेवलात तर चौकटींच्या मॅटवर तो २ इंच बाय २ इंच जागा खातो आणि ५ फुटी बोळात अंग चोरून शिरावं लागतं. तेव्हा त्याचे हल्ले डिसअॅडव्हांटेजने (दोन फाशांतला लहान आकडा), त्याच्यावरचे अॅडव्हांटेजने (मोठा आकडा). अर्धं डंजन त्याला नकोसं होतं.

साध्या शस्त्रांना रेझिस्टन्स (निम्मं डॅमेज): बार्बेरियनला तो रेजमध्ये (संतापाच्या भरात) असतानाच मिळतो, पहिल्या लेव्हलला लाँग रेस्टमागे दोनदा. कायमचा देऊ नका.

आपोआप जखम भरणं सगळ्यात अवघड. चॅम्पियन फायटरला ते अठराव्या लेव्हलला मिळतं, आणि तेही एचपी निम्मे किंवा त्याहून कमी असतील तरच. पहिल्या लेव्हलच्या खविसासाठी असं चालतं: एचपी निम्म्यावर किंवा खाली असतील तर बोनस ॲक्शन (टर्नमधली जादाची छोटी कृती) वापरून १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) अधिक प्रोफिशियन्सी बोनस (पहिल्या लेव्हलला २) परत, लाँग रेस्टमागे प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा. म्हणजे दोनदा मिळून सरासरी ११. फायटरचा सेकंड विंड (दम घेऊन एचपी भरणं) एका वेळी सरासरी साडेसहा देतो आणि शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर) परत येतो, त्यामुळे कुणाचं पोट दुखत नाही. पंजे १डी६ अधिक स्ट्रेंग्थ. पण एका टर्नला किती वार, हे क्लासच (पात्राचा पेशा) ठरवणार. स्टॅटब्लॉकमधला मल्टिअटॅक कधीच आणायचा नाही.

असा एक मोठा गुण, दोन लहान आणि एक उणीव, एवढ्यावर थांबा.

उणीव ठरवताना दोन चुका हमखास होतात. पहिली, आगीला व्हल्नरेबिलिटी. डॅमेज दुप्पट होतं: फायरबॉलचे ८डी६ सरासरी २८, त्याचे ५६, आणि वरचा ४४ एचपीवाला एका फटक्यात आडवा. त्याऐवजी आग किंवा ॲसिड लागलं की पुढचा टर्न संपेपर्यंत जखम भरणं बंद, एवढंच ठेवा. दुसरी चूक, 'गावकरी घाबरतात, वेशीबाहेर काढतात' ही किंमत. लढाईतली ताकद त्याने तसूभर कमी होत नाही, उलट सगळ्यांचाच वेळ जातो. भीती कथेत जरूर असू दे, तोलाच्या हिशेबात धरू नका.

गिऱ्ह्याचा हिशेब कॅम्पेनवर ठरतो. पाण्यात श्वास आणि पोहण्याचा वेग डोंगरी डंजनमध्ये जवळपास फुकट द्यावा इतका किरकोळ. तेच कथा बेलापूरच्या किल्ल्यापासून खाडीतल्या होड्यांपर्यंत फिरत असेल तर तो मोठा गुण धरा आणि दुसरा मोठा देऊ नका. शत्रूला पाण्यात ओढून धरणं नेहमीच्या ग्रॅपलनेच (पकडण्याच्या नियमानेच) होऊ द्या.

आता आपल्याकडची खास अडचण. २०१४ चे नियम दिवसाला सहा ते आठ लढाया गृहीत धरतात. रविवारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मिळतात चार तास. एक जण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, दुसऱ्याला नेरुळची ट्रान्स-हार्बर लोकल गाठायची. दोन लढाया झाल्या तरी खूप. दर सेशनला लाँग रेस्ट दिलात तर लाँग रेस्टमागे एकदा मिळणारी शक्ती जवळपास प्रत्येक लढाईत हजर होते, आणि राक्षसी पात्रांच्या शक्ती बहुतेक याच जातीच्या असतात. खेळातला एक दिवस तीन सेशनवर पसरवा आणि लाँग रेस्ट सुरक्षित जागीच मिळेल असं सेशन झीरोलाच (खेळाआधीच्या बैठकीलाच) सांगून टाका.

सुरुवातीआधी तासभर चाचणी घ्या. तिसऱ्या लेव्हलची पार्टी एका ओग्रसमोर (एसी म्हणजे बचावाचा आकडा ११, एचपी ५९) तीनदा उभी करा आणि प्रत्येकाने दिलेलं व झेललेलं डॅमेज लिहा. खविसाचा आकडा दुसऱ्या क्रमांकाच्या दीडपट तिन्ही वेळा आला तर एक गुण वरच्या लेव्हलला ढकला. एकदाच आला असेल तर तो डाइसचा खेळ समजा. कॅम्पेन चालू झाल्यावर लक्षात आलं तर त्याचं काढून घेण्याआधी इतरांना एकेक जादुई वस्तू मिळू द्या. हातातलं हिसकावलं की खेळाडू नाराज होतो, आणि बहुतेकदा तोच रविवारचा वडापाव आणणारा असतो.