धार वर की धार खाली

जपानमधील एका लहान संग्रहालयात तलवारींची मांडणी शिकताना तिसऱ्याच आठवड्यात मी ताची या जुन्या लांब तलवारीचे एक पाते धार वर करून ठेवले, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही. काताना या दुसऱ्या प्रकारच्या तलवारीची मूठ पाहणाऱ्याच्या डावीकडे आणि धार वर, हे मी पाठ केले होते. अशी ठेवलेली तलवार उजव्या हाताने चटकन उपसता येत नाही, म्हणून ती शांततेची खूण मानतात, हेही ठाऊक होते. पण तो नियम कातानाचा होता.

काताना धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचत, ताची धार खाली ठेवून कमरेला टांगत. जशी बाळगायची, तशीच मांडायची. पात्याच्या मुठीत दडणाऱ्या शेपटावरची, म्हणजे नाकागोवरची, कारागिराची सही (मेई) बहुधा कमरेवर असताना बाहेर येणाऱ्या अंगाला असते, त्यामुळे माझ्या ताचीची सही भिंतीकडे गेली. सहीवरून सगळे ओळखता येईल असेही समजू नका. अनेक लांब ताची पुढे नाकागोकडून आखूड करून कातानासारख्या वापरल्या गेल्या आणि काहींची सही त्यात गेली. उलट हिझेन या जुन्या प्रांतातील तादायोशी तलवारकारांच्या परंपरेत कातानावरही ताचीच्या बाजूला सही कोरत. म्हणून नोंदपत्र वाचल्याशिवाय पात्याला हात लावू नका. छायाचित्रे पाहून शिकण्याचा आडमार्ग तर मला मुळीच मान्य नाही, कारण उलटे छापलेले छायाचित्र डाव्याचे उजवे करून टाकते.

साठवण त्यामानाने सोपी आहे. पाते होनोकी या मॅग्नोलियाच्या लाकडाच्या शिरासाया नावाच्या साध्या म्यानात राहते, आणि हे म्यान भाताच्या खळीने जोडलेले असल्यामुळे आतून साफ करण्यासाठी उकलता येते. सजवलेल्या मूठ-म्यानाच्या साजात, म्हणजे कोशिराएत, त्सुनागी नावाचे लाकडी पाते घालून ठेवतात. दसऱ्याला शस्त्रे घासून लखलखीत करणाऱ्या घरांतून आलेल्यांनी एक गोष्ट मात्र मनावर कोरून घ्यावी: नाकागोवरचा गंज कधीही काढू नये, कारण त्याच्या रंगावरून पात्याचे वय जोखतात.

चूक झाली तर खचू नका. पहिल्याच दिवशी खरे पाते हाती देणाऱ्या शिक्षकापेक्षा, महिनाभर लाकूडच हाताळायला लावणारा शिक्षक मला अधिक भरवशाचा वाटतो. माझ्या शिक्षकांनी त्या दिवशी एक लाकडी ताची माझ्या कमरेला टांगली आणि धार कोणीकडे आली ते मलाच सांगायला लावले.