भूशास्त्र स्पर्धेची तयारी: सुरुवात ओट्यापासून करा

पुण्यातल्या मुलांची एक मोठी अडचण आहे. जिकडे बघावं तिकडे काळा पाषाण. पर्वतीच्या पायऱ्या, पाताळेश्वराची लेणी, वाड्यांची जोती, आजीचा पाटा-वरवंटा, सगळं बेसाल्ट. आणि विभागीय स्पर्धेच्या टेबलावर नमुने मात्र पंधरा-वीस जातींचे. मी शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा आठवी-नववीची मुलं घेऊन पहिल्यांदा गेले आणि सपशेल आपटले. पोरांना ग्रॅनाइटची व्याख्या तोंडपाठ, पण समोर तुकडा आला तर माझ्याकडे वळून, "बाई, संगमरवर ना?" चूक माझीच. वर्षभरात मी त्यांच्या हातात एक दगड दिला नव्हता.

म्हणून आता सांगते, पुस्तक नंतर उघडा. आधी जवळच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानात जा. कटिंगचे उरलेले तुकडे मागच्या अंगणात पडलेले असतात. शाळेसाठी म्हटलं की दुकानदार पिशवी भरून देतात. घरी आणून प्रत्येकावर ऑइलपेंटने आकडा टाका आणि वहीत आकड्यासमोर लिहा: काय दिसतं, कुठून आणलं. नाव सगळ्यात शेवटी. दुकानातल्या नावांवर तर अजिबात जाऊ नका. 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकलेला दगड बऱ्याचदा गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे दुसराच काळा अग्निजन्य दगड असतो. स्वयंपाकघरातला कडप्पा, वाड्यातली शहाबादी आणि जिन्यावरचा कोटा, तिन्ही चुनखडक. अग्निजन्य (ग्रॅनाइट), गाळाचे (चुनखडक) आणि रूपांतरित (संगमरवर) असे खडकांचे तिन्ही प्रकार एका फ्लॅटमध्ये सापडतात, हे मुलांना कळलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

चुनखडक पकडायला लिंबू पुरतं. कडप्प्याच्या तुकड्यावर सुरीने खरवडा, पडलेल्या भुकटीवर रस टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे येतात. अखंड दगडावर टाकलं तर नीट दिसत नाहीत, म्हणून भुकटी. डोलोमाइट हा चुनखडकाचा मॅग्नेशियमवाला भाऊ मात्र भुकटी करूनही लिंबाला फारशी दाद देत नाही; तिथे शाळेच्या प्रयोगशाळेतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, तेही बाई किंवा सर समोर असतानाच. (आणि हे प्रयोग तुकड्यांवर. आईच्या ओट्यावर नाही, पाताळेश्वरात तर मुळीच नाही.)

आता काठिण्य. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. ते मोजायचं 'मोह' (Mohs) या एक ते दहाच्या मापावर: नख साधारण अडीच, सुरीचं पोलाद आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ सात. पांढरा, दुधी, चकचकीत नमुना दिसला की मुलं डोळे झाकून 'क्वार्ट्झ' लिहितात. आमच्या गटानेही लिहिलं होतं, आणि ते होतं कॅल्साइट. कॅल्साइटचं काठिण्य तीन, सुरीने सहज ओरखडा पडतो आणि फुटताना तिरक्या खोक्यांसारखे तुकडे होतात. गारगोटीवर सुरीच झिजते आणि ती काचेसारखी वाकडीतिकडी फुटते. एक फसवी गोष्ट: कधीकधी दिसतो तो ओरखडा नसतोच, सुरीचं पोलाद दगडाला लागलेलं असतं. ओल्या बोटाने पुसा. पुसलं गेलं तर दगड कठीण.

रंगावर विश्वास ठेवू नका, रेघेवर ठेवा. बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि त्यावर खनिज घासा. काळपट हेमॅटाइटची रेघ तांबूस उमटते. सोन्यासारख्या पायराइटची हिरवट काळी.

घनता मोजायला डिजिटल वजनकाटा आणि दोरा एवढंच लागतं. आधी दगडाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला टेकणार नाही असा धरा. आता जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. वजनाला या आकारमानाने भागा, ती घनता. आपला घट्ट बेसाल्ट २.८ ते ३ च्या दरम्यान येतो, गारगोटी २.६५. सच्छिद्र दगड घेतलात तर आकडा कमी येईल. का, ते मुलांनाच विचारा.

मग टेकडी. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी रविवारी सकाळी जा. हातोडी घरी ठेवा. वही, भिंग, आणि फोटोत दगडाशेजारी मापासाठी पेन. कुठे घट्ट, कुठे भोकाभोकांचा, कुठे भोकं पांढऱ्या खनिजाने भरलेली, हे मुलांनी चित्रात काढायचं. या भोकाळ दगडाला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. भोकं म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे. त्यांत नंतर झिओलाइट (बहुधा पांढरी असणारी खनिजं), कॅल्साइट, गारगोटी साठली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट हे निळंशार खनिज जगभरच्या संग्रहात आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव झालं, हे मुलं कधी विसरत नाहीत. चालू खाणीत मात्र मुलांना नेऊ नका.

टेकडीवर एक प्रश्न हमखास येतो: "पर्वती हा मेलेला ज्वालामुखी आहे ना?" नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा आला, थरावर थर पसरले, आणि पुढे नद्यांनी ते कापत नेले. कापून उरलं ते टेकड्या. परीक्षक हा प्रश्न आडून विचारतात.

लेखी फेरीसाठी महाराष्ट्र पक्का करा. लोणारचं विवर उल्कापाताचं, तेही बेसाल्टमध्ये. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३.

टेबलाशी तिघांची कामं आधीच वाटा: एक हाताळेल, एक लिहील, एक शंका काढेल. निरीक्षण लिहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही, कारण नाव चुकलं तरी निरीक्षणाचे गुण हाती राहू शकतात. आणि सैंधव ओळखायला जीभ लावायची नाही, कितीही मोह झाला तरी. तो नमुना सकाळपासून शंभर हातांतून गेलेला असतो. फुटलेल्या कडा काटकोनात आहेत का, ते भिंगातून बघा.