हीलिंग कॅप आणि अबटमेंट निवडताना हिरडीचा विचार

इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवलेला स्क्रू) घट्ट बसलेला असतो, एक्स-रेही चांगला येतो, तरी वर्षभरात हिरडी लाल होते आणि प्रोब (हिरडीची खोली मोजायची बारीक सळई) लावताच रक्त येतं. अशा वेळी आधी हाड आणि क्राऊन (वर बसवलेला कृत्रिम दात) यांच्या मधला तीन-चार मिलिमीटरचा पट्टा तपासावा.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटवर ते अबटमेंटला (इम्प्लांट आणि क्राऊन जोडणारा भाग) समांतर किंवा गोल फिरतात, रुतत मात्र नाहीत. त्यामुळे ही पकड नाजूक असते आणि तिला एकूण 3 ते 4 मिमी उंची लागते. तेवढी मिळाली नाही, तर शरीर हाड झिजवून जागा करून घेतं. म्हणून भूल दिल्यावर, फ्लॅप (हिरडीचा कापून उचललेला पदर) उचलण्याआधी, रबर स्टॉपर लावलेली एन्डो फाइल (रूट कॅनालची बारीक सुई) हाडाला टेकेपर्यंत घालून हिरडीची जाडी मोजावी. ती 2 मिमीहून कमी भरली, तर इम्प्लांट थोडा खोल बसवायचा की ग्राफ्ट करायचा (हिरडीला जास्तीची ऊती जोडायची), हे तिथेच ठरवावं.

बोन-लेव्हल इम्प्लांटला (ज्याचा माथा हाडाच्या पातळीवर असतो) 2 मिमी किंवा त्याहून उंच कॉलरचा (हिरडीतून जाणारा भाग) अबटमेंट घ्यावा. बॉक्समध्ये 1 मिमीचाच शिल्लक आहे म्हणून तो लावू नये. प्लॅटफॉर्म स्विचिंगमध्ये अबटमेंट इम्प्लांटच्या माथ्यापेक्षा अरुंद असतो, त्यामुळे जोडाची फट हाडाच्या कडेपासून आत सरकते. फायदा खरा आहे, पण हिरडी पातळ असेल तर एवढ्यावर भागत नाही.

सगळ्यात जास्त चुका आकारात होतात. 4 मिमीच्या इम्प्लांटवर 10 मिमीची दाढ उभी करायची असते, आणि इम्प्लांट उथळ असला की लॅबला क्राऊन खालूनच एकदम रुंद करावा लागतो. क्राऊनची बाजू इम्प्लांटच्या अक्षाशी करते तो कोन 30 अंशांपुढे गेला की खाली ब्रश पोचत नाही आणि प्लाक साचतो. खालचा भाग अरुंद, किंचित खोलगट ठेवावा आणि रुंदी हिरडीच्या कडेजवळच द्यावी. लॅब स्लिपवर हे स्पष्ट लिहावं. नुसतं ‘मोलर क्राऊन’ लिहिलं तर लॅब आपल्या अंदाजाने करते.

हीलिंग कॅप (क्राऊन बसेपर्यंत इम्प्लांटवर लावायची तात्पुरती टोपी) हिरडीच्या वर 1 ते 2 मिमी दिसेल इतकी उंच घ्यावी. खाली हाड किंवा हिरडी अडकली नाही ना, हे एक्स-रेवर पाहून हातानेच घट्ट करावी. हिरडी पांढरी पडली तर 10-15 मिनिटं थांबावं. रंग परत आला नाही तर कॅप लहान करावी. वापरलेली कॅप दुसऱ्या पेशंटला नको. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात, चिकटलेली प्रथिनं राहतात.

कॅप काढली की जुळत आलेली पकड दर वेळी तुटते. दिंडोरी-निफाडकडचे पेशंट द्राक्षाच्या हंगामात फेऱ्या मारू शकत नाहीत. अशांना, हाड आणि स्थिरता चांगली असेल तर, पहिल्याच दिवशी उंच हीलिंग कॅप लावून वन-स्टेज करणं सोयीचं, कारण पुन्हा हिरडी उघडावी लागत नाही. टू-स्टेज (इम्प्लांट आधी हिरडीखाली झाकून नंतर उघडणं) केलं असेल, तर मागच्या दाढांना कॅप लावल्यावर 4 ते 6 आठवडे थांबून माप घ्यावं. पुढच्या दातांना आणखी वेळ द्यावा. ज्यांना मिश्रीची सवय आहे त्यांना ती आधीच बंद करायला सांगावं. भुकटी नेमकी कॅपच्या कडेला बसते.

पुढच्या दातात हिरडी पातळ असेल तर टायटॅनियमची करडी छटा दिसते, तिथे टायटॅनियम बेसवर झिर्कोनिया (पांढरं, कठीण सिरॅमिक) घ्यावा. हिरडीखालचा झिर्कोनिया नीट पॉलिश केलेला हवा, त्यावर पोर्सिलेन चढवू नये.

सिमेंट क्राऊनची कड हिरडीखाली 1 मिमीहून खोल असेल, तर उरलेलं सिमेंट निघत नाही आणि ते पू होण्याचं कारण ठरतं. तिथे स्क्रू-रिटेन्डच (सिमेंटऐवजी स्क्रूने बसणारा क्राऊन) करावं. टॉर्क (स्क्रू आवळण्याचा जोर) कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे द्यावा आणि क्राऊन बसवल्या दिवशीचा एक्स-रे फाइलमध्ये ठेवावा. पुढे हाड किती उतरलं, ते त्याच्याशीच ताडायचं असतं.