गव्हांकुरांना बुरशी का लागते? या चुका टाळा

रसासाठी घरी गव्हांकुर लावलेल्या ट्रेला बुरशी आली की पहिला दोष गव्हाला दिला जातो. गहू जुना किंवा किडका असू शकतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा घोळ पाण्यात असतो.

आधी ती बुरशीच आहे ना, ते बघा. मुळं फुटताना त्यांच्यावर पांढरी बारीक लव येते. पाणी फवारलं की ती मुळांना चिकटून दिसेनाशी होते. ती निरुपद्रवी आहे. बुरशी मात्र दाण्यांच्या मधून जाळं धरते, पुढे करडी-हिरवी पडते आणि कुबट वास सुटतो. वरचं गवत धुऊन वापरा, असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, अख्खा ट्रे टाकून द्या. गव्हांकुरांचा रस कच्चाच पितात, उकळून जंतू मारायची सोय नाही.

गहू ८ ते १२ तास भिजवा. त्याहून जास्त ठेवले तर दाणे आंबतात. पसरताना एकच थर हवा, दाण्यावर दाणा चढू देऊ नका. ट्रेला खाली भोकं हवीतच. मोड रुजेपर्यंत दोन-तीन दिवस झाका, मग झाकण काढून उजेड आणि वारा द्या. झाकणाखालची पाती पिवळी दिसली तरी घाबरू नका, उजेडात हिरवी होतात. आणि हो, पेरणीसाठी औषध चोळलेलं बियाणं कधीच घेऊ नका, खायचाच गहू घ्या.

साधारण ७ ते १० दिवसांत पाती १५ सेंटीमीटरच्या आसपास होतात, तेव्हा कापा. आणखी वाढवली की ती चिवट होतात. दुसरा फुटवा येतो, पण विरळ. त्यासाठी ओला ट्रे आठवडाभर सांभाळण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

कापताना दाणा सोबत येऊ देऊ नका. ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन पात्यात नसतं, दाण्यात असतं. सिलियाक (ग्लुटेन न चालणारा आजार) असलेल्यांनी घरच्या रसाच्या वाटेला न गेलेलंच बरं. मिक्सर फार वेळ फिरवला तर फेसच हाती येतो. सुरुवात १५-३० मिलीलीटरने करा, एकदम पेलाभर प्यायल्यास मळमळतं.

या रसाला ‘हिरवं रक्त’ म्हणतात, त्या नावावर फार भुलू नका. पात्यातलं हरितद्रव्य आणि रक्ताच्या हिमोग्लोबिनमधलं हीम यांची रचना मिळतीजुळती असली तरी एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम, दुसऱ्याच्या लोह. रस पिऊन हरितद्रव्याचं हिमोग्लोबिन होत नाही, त्यामुळे ॲनिमियाची औषधं बंद करू नका. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये, कारण यात रक्त गोठायला मदत करणारं के जीवनसत्त्व असतं. गरोदरपणातही कच्चा रस टाळलेला बरा.

साठवणीतही तोच पाण्याचा घोळ. कापलेलं गवत धुऊन फ्रीजमध्ये ठेवलं की चिकट होतं. कोरडंच कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि वापरताना धुवा. आठवड्याच्या आत संपवा. रस काढल्यावर लगेच प्या, उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पावडर करायची तर पाती सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवा आणि डब्यात ओला चमचा घालू नका.