कंपनी सरकारचा तांब्याचा पैसा: संग्रह कसा सुरू करावा

जुनं नाणं म्हणजे दुर्मीळ नाणं, हा समज आधी सोडा. १८३५ सालचा पाव आणा दोनशे वर्षांकडे झुकलाय, तरी साधारण अवस्थेत तो आजही थोडक्या पैशांत मिळतो. कारण तो अमाप पाडला गेला, तेच साल ठेवून पुढेही पाडत राहिले. शिकायला यापेक्षा चांगलं नाणं नाही.

१. हिशेब पक्का करा. तीन पैंचा एक पैसा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. पाव आणा म्हणजे पैसा आणि अर्धा आणा म्हणजे आपला ढब्बू.

२. एक वाट धरा. सगळंच गोळा करायला गेलात तर डबा भरेल, पण संग्रह होणार नाही. मुंबई इलाख्याची नाणी घ्यायची तर १७९१ पासून सुरुवात करता येते. ती बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत यंत्रावर पाडून जहाजाने इकडे आणली. एका बाजूला कंपनीचं व्यापारचिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मधे फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. (व्यापाऱ्याच्या नाण्यावर न्यायाचा तराजू! गंमतच आहे.)

मद्रास इलाख्याच्या १८०८ च्या ‘कॅश’ नावाच्या तांब्याच्या नाण्यांची कथा आणखी रंगतदार. ती घेऊन निघालेलं ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच, गुडविन सँड्सवर बुडालं. विसाव्या शतकात पाणबुड्यांनी तो माल वर काढला. त्यामुळे कधीच चलनात न आलेली ही नाणी आज बाजारात सहज दिसतात. पुढे १८३५ ला सगळ्या इलाख्यांसाठी एकच नाणेपद्धत आली, १८६२ पासून तांब्याच्या नाण्यांवर व्हिक्टोरिया राणीची छबी आली आणि १९०६ मध्ये तांब्याच्या जागी ब्राँझ. तांब्याचा संग्रह इथे थांबवता येतो.

३. वजनकाटा घ्या. दागिन्यांसाठी वापरतात तो छोटा डिजिटल काटा पुरतो. १८३५ च्या कायद्याने ठरवलेलं वजन असं: पै साधारण २.१६ ग्रॅम, पाव आणा ६.४८, ढब्बू १२.९६. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच, पण एक-दीड ग्रॅम जास्त भरलं तर खिशात हात घालू नका. चुंबकाला चिकटलं तर ते तांबं नव्हेच.

४. देवादिकांची ‘नाणी’ टाळा. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं कोरलेलं, मागे रामदरबार किंवा हनुमान असलेलं नाणं कुणीतरी लाखाला देऊ करतं. कंपनीने तांब्याची अशी नाणी कधीच पाडली नाहीत. देव्हाऱ्यात खुशाल ठेवा, संग्रहात नको. नाणं तांदूळ ओढून घेतं असं सांगणारा ‘राइस पुलर’वाला तर सरळ ठग.

खरं नाणं डोळ्यांत बसावं म्हणून मुंबईच्या फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणे-संग्रहालय पाहून या. मगच जुन्या बाजारात घासाघीस करा.

५. घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी देवाच्या तांब्यासाठी ठीक. नाण्यावरचा तपकिरी थर हेच त्याचं कवच. तो गेला की नाणं गुलाबी, उघडंबोडकं दिसतं आणि किंमत धाडकन उतरते. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, मऊ कापडावर टिपून घ्या आणि पूर्ण वाळू द्या.

६. साठवण. पीव्हीसीची मऊ पाकिटं तांब्यावर हिरवा चिकट थर आणतात. मायलरची (पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर वापरा, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका. नाणं धरायचं ते कडेने.

७. कायदा. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून ते पाठवता येत नाही. आणि शेतात नांगराला नाण्यांचा हंडा लागलाच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.