खोकला लांबलाय? क्षयाच्या निदानात या चुका टाळा

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की बेडका तपासून घ्यायचा. एवढी साधी गोष्ट आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेली असते आणि त्याच भिंतीला टेकून माणसं खोकत बसलेली असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "हवा बदललीय ना, जाईल." लॅबमध्ये बसून हे ऐकून कान किटले.

बेडक्याऐवजी थुंकी देणं

माझा सगळ्यात जास्त जीव जातो तो इथे. डबी हातात दिली की लोक तिथल्या तिथे, रांगेत उभ्या उभ्या थुंकतात आणि झाकण लावून मोकळे. अशा थुंकीत क्षयाचे जंतू सापडणार कुठून? ते छातीतल्या कफात असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायलाच मिलिलिटरमागे साधारण 5 ते 10 हजार जंतू लागतात.

एक टेम्पोचालक आला होता. अंगावरचा शर्ट दोन मापं मोठा वाटावा इतका वाळलेला, संध्याकाळी अंग तापायचं. आल्या आल्या त्याने बाहेरच्या एका लॅबचा कागद पुढे केला. "ताई, रिपोर्ट निल आहे. परत कशाला तपासायचं?" नमुना कसा दिला होता विचारलं, तर चहा पिऊन, तंबाखूची गुळणी टाकून, गाडी चालू ठेवून! त्या कागदाच्या भरवशावर तो पुढे कितीतरी दिवस ॲलर्जीच्या गोळ्या खात फिरला. घरी तीन वर्षांचा मुलगा, झोपायला एकच खोली.

त्याला बाहेर मोकळ्यावर उभं केलं, साध्या पाण्याने चूळ भरायला लावली. दोन-तीनदा खोल श्वास घे, मग पोटातून खोक, म्हटलं. घट्ट, पिवळसर बेडका आला. सीबीनॅट यंत्रावर (हे जंतूंचे जनुक शोधतं) दोन तासांत निकाल: क्षय आहे, रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडतंय. म्हणजे साधा, सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होणारा आजार. मुलालाही लगेच तपासायला आणवलं.

मी प्रत्येक डबी उजेडाकडे धरून बघते. आत नुसता फेस आणि पाणी दिसलं की डबी परत. लोक चिडतात, चिडू देत. सकाळी उठल्याबरोबरचा, 2 ते 5 मिलिलिटर बेडका हवा. घाई असेल त्याने उद्या यावं.

मेडिकलमधून "स्ट्राँग गोळी" घेणं

दुसरा शॉर्टकट. लिव्होफ्लॉक्सासिन हे औषध क्षयाच्या जंतूंवरही थोडंफार चालतं. पाच दिवस घेतलं की खोकला कमी होतो, माणूस खूश. आजार मात्र आतच राहतो, तपासणीत जंतू सापडायला अवघड जातात आणि त्या औषधाला दाद न देणारे जंतू वाढायची भीती वेगळीच. 2014 पासून हे औषध एच-वन यादीत आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विकलं की वहीत नोंद करायची. वह्या कशा भरल्या जातात ते आपण सगळेच जाणतो. तुम्हीच मागू नका, एवढं तरी करा.

रक्त तपासून क्षय ठरवणं

रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बघून क्षयाचं निदान करणाऱ्या तपासण्यांवर सरकारने 2012 मध्येच बंदी घातली. तरी कोणी सुचवलीच, तर डॉक्टर बदला.

फक्त एक्स-रेवर थांबणं

डाग दिसला म्हणजे क्षयच, असं नाही. जुन्या न्यूमोनियाचा व्रणही तसाच दिसू शकतो. एक्स-रे आणि बेडका दोन्ही करा.

खोकला नाही म्हणजे क्षय नाही, असं धरून चालणं

मानेतली गाठ, पाठीचा मणका, आतडी, कुठेही होतो. गाठीवर लेप लावत बसू नका, सुईने पाणी काढून तपासून घ्या.

साखर न बघणं. मधुमेह असेल तर क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट. दोन्ही एकदमच तपासा.

जुने कागद घरी ठेवून येणं. याबद्दल बोलायचंच सोडलंय मी.

सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधं फुकट आहेत. निदान झालं की निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना 1000 रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 500 होते. नोंदणीला जाताना आधार आणि पासबुकाची झेरॉक्स बरोबर न्या, नाहीतर परत फेरी पडते.