लहान मोटारसायकलवरचा लांबचा प्रवास सुखकर करताना या चुका टाळा

मुंबईहून मोटारसायकलने बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला जुनेच रस्ते येतात. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही ती आहे. त्यामुळे पुण्याला जाणारा वाशीचा खाडीपूल, पनवेल, खोपोली असा जातो, नाशिकचा प्रवासी भिवंडी आणि शहापूर ओलांडून कसारा घाट चढतो, तर कोकणात उतरणारा पेण-वडखळमार्गे चौपदरीकरणाची वर्षानुवर्षे रखडलेली कामे चुकवत पुढे सरकतो. १०० ते १५० सीसीच्या गाडीला यात फारसे बिघडत नाही, कारण या रस्त्यांवर टिकणारा ताशी ५५ ते ६५ किलोमीटरचा वेग हाच तिच्या इंजिनाचाही सुखाचा वेग आहे. तक्रार करते ते शरीर, आणि ती तक्रार घेऊन माणूस थेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा एखाद्या संकेतस्थळावर वस्तू विकत घ्यायला जातो. बहुतेक पैसा इथेच वाया जातो, कारण नेमके काय आणि कशामुळे दुखते आहे हे ठरण्याआधीच उपाय विकत घेतलेला असतो.

दुखणे न ओळखता सीटला दोष देणे

सीटवर बसून दुखते म्हणजे दोष सीटचाच, हा समज अर्धाच खरा आहे. तास-पाऊण तासाने बसण्याची दोन हाडे दुखू लागली तर सीटचा संशय योग्य आहे. दुखणे माकडहाडाशी असेल तर मात्र मागचे शॉकअप गरजेपेक्षा कडक लावलेले असण्याची किंवा पाय पुढे ताणून पोक काढून बसण्याची शक्यता अधिक असते. तळहात आणि मनगटे दुखत असतील तर शरीराचा भार हातांवर येतो आहे, आणि त्याचे कारण पुष्कळदा टाकीकडे उतरती सीट हे असते, हँडल नव्हे. बोटांना मुंग्या येणे हे कंपनाचे किंवा मूठ फार आवळून धरण्याचे लक्षण आहे. गुडघे दुखत असतील तर सीट आणि फूटरेस्ट यांच्यातले अंतर तुमच्या पायांना कमी पडते, आणि मान दुखत असेल तर वारा किंवा सैल हेल्मेट तपासावे. पुढच्या लांबच्या फेरीत प्रत्येक थांब्यावर काय दुखते आणि ते किती वेळाने सुरू झाले एवढे मोबाइलमध्ये टिपून ठेवले, तरी निम्मे निदान होते.

आहे ते जुळवण्याआधी नवे बसवणे

टायरमधील हवा ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. पेट्रोल पंपावर ‘हवा भर’ एवढेच सांगितले तर दोन्ही चाकांत सारखीच, आणि बहुधा जास्तच, हवा भरली जाते. बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांना पुढे २५ पीएसआयच्या आसपास आणि मागे एकट्यासाठी तिशीच्या आसपास हवा लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि पुष्कळदा साखळीच्या आवरणावरील चिकटपट्टीवरही छापलेला असतो. पुढच्या चाकात चाळीसच्या घरात हवा असेल तर पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक सांध्याचा दणका थेट मनगटात येतो आणि मग त्यासाठी जाड ग्रिप विकत घेतल्या जातात. हवा टायर थंड असताना मोजावी. पन्नास किलोमीटर धावून आल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून ती सोडून देणे ही वेगळी चूक आहे, कारण पुस्तिकेतला आकडा थंड टायरचाच असतो.

मागच्या शॉकअपला बहुतेक लहान गाड्यांत पाच खाचा असतात, आणि गाडी विकत घेतल्यापासून त्यांना हात न लावलेले चालक पुष्कळ आढळतात. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते असे सर्रास सांगितले जाते, पण तसे होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त ती आधीच अधिक दाबली गेल्यामुळे गाडीचा मागचा भाग उंच उभा राहतो आणि भाराखाली कमी बसतो. शॉकअपच्या एकूण खेळापैकी, म्हणजे ते जास्तीत जास्त जेवढे दबू शकते त्यापैकी, सुमारे पाव ते तृतीयांश खेळ चालक बसल्यावर वापरला जावा, असा ढोबळ नियम आहे. एकटाच साठ किलोचा माणूस शेवटच्या खाचेवर गाडी चालवत असेल तर प्रत्येक उंचवट्यावर मागचे चाक त्याला उडवणार, आणि डबलसीट, वर सामान अशी गाडी पहिल्या खाचेवर असेल तर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटणार. दोन्ही बाजूंची खाच सारखीच ठेवावी. हे सांगावे लागते, कारण गॅरेजमधून सर्व्हिस होऊन आलेल्या गाडीत ती वेगवेगळी निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. पुढच्या फोर्कमधील तेल जुने झाले की धक्का शोषण्याची क्षमता हळूहळू, लक्षातही न येता घटते. ते बदलण्याचा खर्च नव्या सीटच्या मानाने किरकोळ आहे.

लिव्हरच्या कोनाकडे तर कोणी पाहतच नाही. नेहमीच्या बैठकीत हात हँडलवर ठेवून बोटे सरळ केली, तर ती मनगट न मोडता क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरवर पडली पाहिजेत. ती वर उचलावी लागत असतील तर लिव्हरचा पट्टा किंचित सैल करून तो खाली फिरवावा. गिअरचा पायपट्टाही त्याच्या दात्यांवर एक-दोन घरे वरखाली बसवता येतो, आणि जाड तळाचे बूट घालणाऱ्याला त्याची गरज पडतेच. या कामांना एक पाना आणि अर्धा तास लागतो.

मऊ म्हणजे आरामदायी, असे समजून सीट बनवणे

सीट बनवणाऱ्याकडे गेल्यावर तो अंगठ्याने दाबून दाखवतो आणि आपण खूश होतो. मऊ फोम दुकानात दोन मिनिटे उत्तम वाटतो, पण तासाभराने तो पूर्ण दबून जातो आणि बसण्याची हाडे खालच्या कठीण तळावर टेकतात. लांबच्या प्रवासाला खाली घट्ट, जास्त घनतेचा फोम आणि वर जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरचा मऊ थर हवा. पहिल्या बैठकीला अशी सीट कडक वाटते, आणि तेवढ्यावरूनच ती नापसंत करू नये. फोमइतकाच आकारही महत्त्वाचा असतो. हाडे जिथे टेकतात तिथे सीट रुंद आणि जवळजवळ सपाट असावी, तर मांड्यांच्या जागी अरुंद असावी, म्हणजे सिग्नलला पाय जमिनीवर सहज टेकतात. पुढे उतार राहिला तर प्रत्येक ब्रेकला शरीर टाकीकडे घसरते, मग माणूस हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो, आणि पनवेल येईपर्यंत मनगटे बोलू लागतात.

कमी उंचीचे चालक पाय टेकावेत म्हणून फोम कापून घेतात. त्याने शहरात बरे वाटते, पण फोम पातळ होतो आणि सीट-फूटरेस्टचे अंतर घटून गुडघे अधिक दुमडतात, म्हणजे एका सोयीच्या बदल्यात दोन दुखणी पदरात पडतात. उंची राखून पुढची बाजू अरुंद करून घेतली तर पाय टेकण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. मूळ फोम आणि आवरण मात्र फेकू नये, नवा प्रयोग फसल्यास ते परत बसवता येते. मुंबईच्या पावसाचा विचार करून शिवण बसण्याच्या जागेवर न ठेवता बाजूला घ्यायला आणि रेक्झीनखाली प्लास्टिकचा थर द्यायला आवर्जून सांगावे. एकदा पाणी प्यायलेला फोम जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुरता सुकत नाही.

वरून बांधायच्या हवेच्या गाद्या उपयोगी आहेत, फक्त त्या टम्म फुगवून वापरू नयेत. हवा भरावी, बसावे, आणि शरीर खालच्या सीटला टेकणार नाही इतपत झिरपत झिरपत सोडावी. जेलची गादी उन्हात उभ्या गाडीवर सणसणीत तापते, तिच्यावर कापड टाकून ठेवावे. शिवाय कधीकधी दोष गादीचा नसतोच, जीन्सची जाड शिवण नेमकी हाडाखाली येत असते.

कंपनाशी ग्रिपने लढणे

एका सिलिंडरचे इंजिन कंप पावणारच, काही १२५-१५० सीसी गाड्यांत ते कमी करणारा संतुलक दांडा असतो, पण सगळ्यांत नसतो. मात्र ताशी ६० वरून ७५ वर गेल्यास वेग सव्वापट होतो आणि त्याच गिअरमध्ये इंजिनातील असंतुलित बल, तसेच वाऱ्याचा रेटाही, दीडपटीहून अधिक वाढतो, हे गणित ध्यानात घेतले तर पहिला उपाय आपोआप सुचतो. साठ किलोमीटरच्या टप्प्यात या घाईने कागदावर बारा मिनिटे वाचतात, प्रत्यक्षात भिवंडीच्या कोंडीत त्यातली बहुतेक परत जातात.

वेग तोच असताना कंपन पूर्वीपेक्षा वाढले असेल तर गाडीत काहीतरी सैल किंवा झिजलेले आहे. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट, मागच्या हबमधील रबर, चाकांचे बेअरिंग, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) आणि साखळी हे सर्व आधी पाहावे. साखळी फार ताणलेली असणे हे सैल असण्यापेक्षा वाईट, कारण चालक बसून शॉकअप दबले की ती आणखी ताणली जाते. लहान गाड्यांत साधारण दोन ते तीन सेंटीमीटर खेळ ठेवतात, आणि तो चाक फिरवून साखळी जिथे सर्वांत ताठ असेल तिथे मोजायचा असतो. एवढे करूनही बोटे बधिर होत असतील तर हँडलच्या टोकांना जड वजने लावून पाहावीत, त्यांनी हँडलचे कंपन कमी होते किंवा ते दुसऱ्या वेगावर सरकते. फोमच्या जाड ग्रिप लहान हाताच्या माणसाला उलट त्रास देतात, कारण जाड दांडा धरून ठेवायला मूठ अधिक आवळावी लागते आणि थकवा कोपरापर्यंत चढतो.

पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारे इंजिनाकडचे दातेरी चाक, एका दाताने मोठे करणे हाही एक लोकप्रिय सल्ला आहे. चौदाचे पंधरा दात केल्यास त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सात टक्के कमी होतात, हे खरे. पण डबलसीट कसारा घाट चढताना तीच गाडी वारंवार खालचा गिअर मागते. सपाट रस्त्यावर एकट्याने फिरणाऱ्याने हा बदल करावा, इतरांनी करू नये असे माझे मत आहे.

हँडल उंच करणाऱ्या ठोकळ्यांचा मोह आवरता येत नसेल, तर ते बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. इंजिनाचा आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे, आणि अशी गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेकची नळीही तशीच तपासावी. चासीला वेल्डिंग किंवा कापाकापी लागेल असा कोणताही बदल टाळावा, त्याने गाडी कमकुवत होते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ तपशिलाशी जुळणार नाही अशा बदलाला मनाई करते.

लेगगार्डवर पाय आणि डोक्याएवढी काच

लेगगार्डवर बसवलेल्या जादा फूटरेस्टवर पाय ताणणे पाच मिनिटे सुखाचे असते. मग सारा भार माकडहाडावर जातो, आणि ब्रेकपासून पाय दूर असतो तो वेगळाच धोका. पायांना आराम हवा तर गाडी थांबवावी. वारा अडवणारी काच फार बुटकी असेल तर भोवऱ्यांनी भरलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळतो आणि मान आधीपेक्षा जास्त दुखते. फार मोठी असेल तर लहान इंजिनाला ती ओढत न्यावी लागते आणि वाशीच्या पुलावरील आडव्या वाऱ्यात गाडी ढकलली जाते. ताशी साठच्या प्रवासाला मुळात तिची गरज थोडी.

सामान पाठीवर आणि पेटी अगदी मागे

पाठीवरच्या सॅकचे सहा-सात किलो खांद्यांवर आणि तिथून बसण्याच्या हाडांवर येतात. ती सीटवर बांधावी. मागच्या चाकाच्या आसापलीकडे लटकणाऱ्या पेटीत जड सामान भरल्यास पुढचे चाक हलके होऊन हँडल डगमगते, म्हणून जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि शक्य तितक्या पुढे ठेवाव्यात, पेटीत रेनकोटासारखे हलके सामान असू द्यावे. लहान गाड्यांची भारक्षमता साधारण १३० ते १५० किलोच्या घरात असते, म्हणजे सत्तर-सत्तर किलोची दोन माणसे बसली की ती जवळपास संपते. त्यावर चार दिवसांचे सामान लादून शॉकअपला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

सगळे बदल एकदम, आणि तेही निघण्याच्या आदल्या रात्री

सीट, लिव्हर आणि शॉकअपची खाच एकाच दिवशी बदलली तर फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही. एका वेळी एक बदल करावा आणि तो रविवारी पहाटे दहिसरहून मनोरपर्यंत जाऊन-येऊन तपासावा. पश्चिम द्रुतगती मार्गावरची अर्ध्या तासाची चक्कर या कामाची नाही, कारण चुकीची बैठक तासाभरानंतरच बोलू लागते. वाटेत साधारण तासाने उतरून पाच-सात मिनिटे चालावे आणि तहान नसली तरी पाणी प्यावे, अंगावरचा घाम वाऱ्याने वाळत असल्याने तो किती गेला हे समजत नाही. परत आल्यावर हात लावलेला प्रत्येक नट-बोल्ट पान्याने पुन्हा तपासावा. नव्याने आवळलेले बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये किंचित सैल होतात, आणि लिव्हरचे पट्टे व पेटीचे ब्रॅकेट त्यात सर्वांत पुढे असतात.